मावळातला छापखाना आणि आगकाड्यांची मौज

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला ॲनिमेशन शिकायचंय." अब्बा विचारतात, "त्यात रोजी आहे का?" अम्मीला काळजी वेगळीच, "रात्रंदिवस पडद्यासमोर बसून डोळ्यांचं काय होणार?" आणि दादी कोपऱ्यातून म्हणते, "म्हणजे कार्टूनच ना? ते शिकायला कॉलेज कशाला लागतं?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची हेटाळणी करून मुलांना घाईने पाठिंबा देणेही बरे नाही, आणि प्रश्न पुढे करून मुलांचे तोंड बंद करणेही बरे नाही. म्हणून या महिन्यात आम्ही एका अशा माणसाची आणि त्याच्या घराची हकीकत सांगणार आहोत, ज्यांना हे तिन्ही प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडले होते. हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या देशात निर्जीव वस्तूंना पडद्यावर हलते-चालते करणारे पहिले कारागीरही तेच, हे फारसे कुणी सांगत नाही. आणि त्यांच्या आयुष्याचा एक महत्त्वाचा टप्पा पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, लोणावळ्यात गेला, हे तर लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

रेल्वेच्या कडेचा छापखाना

पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली की तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशी स्टेशने मागे टाकत गाडी मळवलीला येते. लोणावळ्याच्या अलीकडचे हे शेवटचे स्टेशन. सुट्टीच्या दिवशी इथे भाजे लेणी, लोहगड आणि विसापूरला जाणाऱ्या तरुणांची गर्दी उतरते. पुलावरून द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे गाव लागते. दुसऱ्या बाजूला इंद्रायणी आणि तिच्या पलीकडे कार्ल्याचा डोंगर. आज या परिसरात बंगले आणि हॉटेले दिसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे एक छापखाना होता, ज्याची रंगीत चित्रे देशभर घराघरांत पोहोचली.

हा छापखाना प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांचा. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. पुढे १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीला आला. भोर घाटातून १८६३ सालीच रेल्वे सुरू झालेली असल्यामुळे माल मुंबईला पाठवणे अवघड नव्हते. नंतर रविवर्मांनी तो छापखाना आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. १९७२ साली लागलेल्या आगीत तो भस्मसात झाला.

तिथे छपाई व्हायची ती शिळाप्रेसवर. ही पद्धत आपल्या वाचकांच्या घरांनाही परकी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुन्या उर्दू-फारसी किताबा असतील, लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातली एखादी जीर्ण प्रत असेल, तर तिची पाने उलटून पाहा. अक्षरे खिळ्यांची नाहीत, कातिबाच्या हाताची आहेत. कातिब विशिष्ट शाईने कागदावर लिहायचा, ते लिखाण गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर उतरवले जायचे आणि शिळेवरून प्रती निघायच्या. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच साध्या गोष्टीवर ही सगळी विद्या उभी होती. नस्तालीकसारखी वळणदार लिपी खिळ्यांत बसवणे कठीण, म्हणून उर्दू छपाईने शिळाप्रेसला दीर्घकाळ जवळ केले.

रंगीत चित्राचे काम याहून किचकट. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. आधी फिकट रंग, मग गडद, असे करत एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून जाई. कागद प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर जायचा आणि तो कागद रद्दीत. एक चित्र म्हणजे अनेक थर, आणि प्रत्येक थरावर तेवढेच लक्ष. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी हकीकत याच शिस्तीतून निघते.

लोणावळ्याला येईपर्यंत

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मातीकाम आणि छायाचित्रण शिकले. शिकून झाल्यावर गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. दुःख घेऊन ते बडोद्याला परतले आणि पुन्हा फोटोचा व्यवसाय मांडला. पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, अशी समजूत तिथे पसरली आणि गिऱ्हाईक तुटले. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगव, फोटो काढ, असे करत त्यांनी दिवस काढले.

याच काळात त्यांनी एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले. पुढे ते 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे खेळ करत. फाळके हे आडनाव उलटे वाचले की केल्फा होते. त्या वेळी नातेवाइकांना हा उनाडपणा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. चित्रकला, फोटो, पडदे, जादू, एकाही गोष्टीत धड बस्तान नाही, असा हा तिशीतला माणूस होता.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. त्यानंतर फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकाराची सरकारी नोकरी लागली. घराला स्थैर्य आले. पण १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे भागीदाराच्या साहाय्याने लोणावळ्याला 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' उभा केला आणि रविवर्मा छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर प्रतिमा उतरवण्याचे काम ते करू लागले.

१९०८ साली, त्याच मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे इथे लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून काचेचा कारखाना सुरू झाला. आपल्या मातीत, आपल्या पैशाने, आपल्या हातांनी वस्तू तयार करायच्या, ही त्या काळाची ओढ होती. लोणावळ्याचा छापखाना आणि तळेगावचा काच कारखाना ही एकाच वाऱ्याची दोन रोपे.

आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी पॅरिसमध्ये एमिल कोल नावाचा व्यंगचित्रकार कागदावरच्या रेषांना आणि आगपेटीतल्या काड्यांना पडद्यावर नाचवत होता. लोणावळ्यातल्या छापखानदाराला त्याची खबर असण्याचे काही कारण नव्हते. पण दोघांची गाठ पुढे पडणार होती, ती कामातून.

छापखाना चालू लागला. काम वाढले, तसा तो दादरला हलला आणि त्याला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे नाव मिळाले. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणि तंत्र समजून घेण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीला गेले. परत आल्यावर मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि ते कारखान्यातून बाहेर पडले. त्यांच्यासाठी इतरांनी भांडवल द्यायची तयारी दाखवली, तरी त्यांनी पुन्हा छापखाना काढला नाही. चाळिशी आली होती, घरात मुले होती आणि हाताला काम नव्हते.

डोळे गेले, डोळे आले

१९११ साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत लिहिले आहे की, तो पट पाहताना आपल्याकडच्या कथा पडद्यावर कशा दिसतील याचीच चित्रे त्यांच्या मनात फिरत होती. त्या दिवसापासून सिनेमाचा ध्यास लागला. दररोज पट पाहायचे, घरी येऊन जुन्या फिल्मच्या तुकड्यांवर आणि भिंगांवर प्रयोग करायचे, झोप जेमतेम. परिणाम व्हायचा तोच झाला. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. औषधोपचाराने आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली.

अम्मीचा डोळ्यांबद्दलचा प्रश्न किती जुना आहे, हे इथे कळते. आजच्या मुलांना आम्ही हेच सांगू की, ज्या कामाचे साधनच डोळे आहेत, त्या कामात डोळ्यांची हेळसांड ही मेहनत नव्हे, तो तोटा आहे.

दृष्टी परतताच फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला जायला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले. ओळख ना देख, नुसते कार्यालयात जाऊन उभे राहिले. कॅबर्न यांनी आधी या फंदात पडू नका असेच सुचवले, मग माणसाची चिकाटी पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे धाडले. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांनी कामाच्या रीती पाहून घेतल्या. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र, धुलाई आणि छपाईची यंत्रे यांची खरेदी करून ते १ एप्रिलला मुंबईत परतले. ज्या प्रवासाला आज लोक 'कोर्स' म्हणतील, तो दोन महिन्यांत जाऊन-येऊन आटोपला होता.

कुंडीतला वाटाणा

आता भांडवलदार शोधायचा होता. पण सिनेमा म्हणजे काय हे भांडवलदाराला तोंडी सांगून पटत नाही. मग फाळक्यांनी घरातच एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का केला आणि ठराविक वेळाने एकेक चित्र टिपत गेले. महिन्याहून अधिक काळ हे चालले. तयार झालेला पट जेमतेम मिनिटभराचा, पण त्यात बी फुटते, कोंब वर येतो, वेल वाढतो, हे सगळे डोळ्यांदेखत घडते. 'अंकुराची वाढ' या नावाने हा पट ओळखला जातो. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले.

आपण जरा हिशेब करून पाहू. त्या काळी मूकपट सेकंदाला साधारण १६ चित्रांच्या गतीने चालत. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे. ती महिन्याभरात वाटली तर रोज तीसेक चित्रे घ्यायला हवीत, दिवसाउजेडी, न चुकता. कुंडी हलता कामा नये, कॅमेरा हलता कामा नये, घरातल्या मुलाचा धक्का लागता कामा नये. शिळाप्रेसवर कागद केसभर सरकू न देणाऱ्या हातांनाच हे जमू शकते. लोणावळ्याचे दिवस वाया गेले नव्हते, ते इथे कामाला आले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी झळकला. ती कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून आम्ही ती इथे लांबवत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते त्या घराबद्दल.

सरस्वतीबाईंचे घर

दादरचे फाळक्यांचे घर हाच स्टुडिओ होता. कलाकार आणि कामगार मिळून साठ-सत्तर माणसे तिथे राबत आणि जेवत. तो सारा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. पण त्यांचे काम चुलीपाशी संपत नव्हते. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडावी लागत, तेही अंधारात. ते त्या शिकल्या. धुलाईची रसायने मिसळायला शिकल्या. उन्हात चित्रीकरण चाले तेव्हा प्रकाश परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहिल्या. स्त्रीची भूमिका करायला बाई मिळेना म्हणून त्यांनाच तारामती करायला सुचवले गेले, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. इतकी कामे अंगावर असताना त्यात अभिनयाची भर कुठून घालणार? मग उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली.

थोरला मुलगा भालचंद्र याने राजपुत्राचे काम केले, तर मुलगी मंदाकिनी १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये चमकली. पैसे संपले तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने पुढे आले. चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या नावाला फार उशिरा जागा मिळाली. आम्हाला वाटते, फाळक्यांचे कौतुक करताना हा हिशेब मांडायलाच हवा. एका माणसाच्या ध्यासाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाने मोजलेली असते. सरस्वतीबाई ती किंमत मोजत होत्याच, पण त्या नुसत्या सोसत नव्हत्या, त्या काम शिकत होत्या. घरातल्या बाईला कामाची भाषा कळली, हिशेब कळला, तर ती त्या कामाची भागीदार होते. नाहीतर तिच्या वाट्याला फक्त घोर उरतो.

आगकाड्यांची मौज

१९१४ साली फाळके आपले पट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांच्या कामाची वाहवा झाली, तिथेच राहून काम करावे अशी सूचनाही आली. पण ते परतले. इकडे पहिले महायुद्ध पेटले, भांडवलदारांनी हात आखडता घेतला. माणसांचे पगार थकले. मोठा पट काढायला पैसा नाही, अशा ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनी छोट्या-छोट्या पटांचा आधार घेतला. आजच्या भाषेत हे त्यांचे 'साइड प्रोजेक्ट'. त्यांची नावेच पाहा. 'केल्फाच्या जादू' या पटात त्यांनी आपला जुना जादूचा छंद पडद्यावर आणला. 'लक्ष्मीचा गालिचा' हा नाण्यांचा खेळ होता. नाशिक-त्र्यंबक परिसराची दृश्ये त्यांनी टिपली. आणि 'तळेगाव काच कारखाना' हा माहितीपटही त्यांनी काढला. मावळाशी असलेले नाते असे पुन्हा जुळले. ज्या काळात लोणावळ्याला त्यांनी छापखाना मांडला, त्याच काळात सुरू झालेल्या शेजारच्या कारखान्यासमोर ते आता कॅमेरा घेऊन उभे होते.

या छोट्या पटांतलाच एक म्हणजे 'आगकाड्यांची मौज', साधारण १९१५ चा. आगपेटीतल्या काड्या आपल्या आपण हलतात, रांगा धरतात, आकार घेतात. एमिल कोलच्या काड्यांच्या खेळाचा धागा इथे जुळतो, असे अभ्यासक सांगतात. भारतातला ॲनिमेशनचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. कृती सांगायला सोपी आहे. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे. प्रत्येक काडी रतीभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. हात बाजूला, श्वास रोखून, पुन्हा सरकवायची. तासाभराच्या कामातून पडद्यावर काही सेकंद मिळतात. जादूगाराची हातचलाखी, चित्रकाराची नजर, फोटोवाल्याचा काळोख्या खोलीतला अनुभव आणि शिळाप्रेसवाल्याचा सब्र, जे जे लोकांना उनाडपणा वाटले होते ते सगळे इथे एका टेबलावर एकत्र आले.

दुर्दैवाने हा पट आज उपलब्ध नाही. फाळक्यांचे बहुतेक काम असेच नष्ट झाले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तिथल्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन जे उरले होते ते जमवले, म्हणून आज थोडेफार पाहायला मिळते. त्यात 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा पटही आहे, ज्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात.

रोजीचा प्रश्न

अब्बांच्या प्रश्नाला आता आलेच पाहिजे. फाळक्यांना पैसा मिळाला का? मिळाला, आणि गेलाही. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तिथेही भागीदारांशी पटेना, तेव्हा ते सारे सोडून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. मग पुन्हा परतले. १९३१ साली 'आलम आरा'ने बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस सरले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा मोठा चित्रपट, कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा हाताशी फारसे काही उरलेले नव्हते. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला, त्यांच्या पश्चात पंचवीस वर्षांनी.

यातून आम्ही असा निष्कर्ष काढत नाही की कलेत रोजी नाही. आम्हाला दिसते ते हे, की हुनर पक्का असला तरी भागीदारीचे कागद, हिशेब आणि हक्क कच्चे असतील तर हुनरवाल्याच्या हाती काही राहत नाही. लोणावळा-दादरला भागीदारांशी बिनसले, नाशिकला बिनसले, दोन्हीकडे काम फाळक्यांचे आणि बाहेर पडायची वेळही त्यांच्यावरच. मुलांना चित्र काढायला शिकवताना करारनामा वाचायलाही शिकवावे, हा धडा आजच्या तरुणांनी इथून घ्यावा. आज स्टुडिओंचे बरेच काम कंत्राटावर चालते, म्हणून तर हे जास्तच लागू आहे.

मीना आणि आगपेट्या

दादीच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढीने दिले. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली शिकलेले राम मोहन हे पुढे या क्षेत्राचे बुजुर्ग ठरले. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली त्यांचे निधन झाले. युनिसेफसाठी त्यांनी 'मीना' साकारली. मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट. मुलीला शाळेत का पाठवायचे, भावाइतकेच जेवण तिला का द्यायचे, लवकर लग्न का लावायचे नाही, या गोष्टी तिने बांगलादेश, भारत, नेपाळ, पाकिस्तान इथल्या घराघरांत सांगितल्या. मीना हे नावही असे निवडले, जे हिंदू घरातही चालेल आणि मुस्लिम घरातही. हिंदी, बांगला, उर्दू, नेपाळी अशा भाषांतून ती बोलली. जी गोष्ट वडीलधाऱ्यांनी सांगून गळी उतरत नव्हती, ती एका चित्रातल्या मुलीने सांगितली. कार्टूनच ना, असे म्हणण्याआधी एवढे आठवावे.

राम मोहन यांच्या स्टुडिओत काम शिकलेल्या गीतांजली राव या जे. जे.च्याच विद्यार्थिनी. २००६ साली त्यांच्या 'प्रिंटेड रेनबो' या लघुपटाचा कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात गौरव झाला. त्यात एक एकटी वृद्ध स्त्री आणि तिची मांजर आहे, आणि आगपेट्यांवरच्या रंगीत चित्रांतून ती आपल्या कल्पनेच्या जगात फिरून येते. फाळक्यांच्या काड्यांनंतर नव्वद वर्षांनी आगपेटीच पुन्हा कामाला आली. त्यांच्या 'बॉम्बे रोझ'मध्ये मुंबईत फुले विकणारा सलीम नावाचा अनाथ काश्मिरी तरुण आहे. म्हणजे आपल्यासारख्यांच्या सुखदुःखालाही या माध्यमात जागा आहे. ती जागा भरायला आपल्या घरातली मुलेमुली पुढे यायला हवीत.

घरी करून पाहण्यासारखे

कुठल्याही क्लासची फी भरण्याआधी मुलांकडून एक काम करून घ्यावे. गुल काढून टाकलेल्या वीस-पंचवीस काड्या, एक साधा मोबाइल आणि तो हलू नये म्हणून पुस्तकांचा आधार. सेकंदाला १२ चित्रे धरली तरी दहा सेकंदांना १२० चित्रे लागतात. जे मूल एका सुट्टीत ही १२० चित्रे न कंटाळता पूर्ण करील, मधेच काडी हलली म्हणून रडून न उठता पुन्हा मांडील, त्याची ओढ खरी समजावी. ज्याला विसाव्या चित्रालाच कंटाळा येईल, त्याची आवड पाहण्याची आहे, करण्याची नाही. त्यातही वाईट काही नाही, पण ते फी भरण्याआधी कळलेले बरे.

पुढे शिकायचे झाले तर मुंबईची जे. जे., आयआयटी मुंबईचे आयडीसी आणि अहमदाबादची एनआयडी या संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची माहिती बारावीच्या आधीच घ्यावी. खासगी क्लासला जायचे तर जाहिरात पाहू नये. मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेले काम पाहायला मागावे. तिथे आधी हाताने चित्र काढायला शिकवतात की थेट कॉम्प्युटरवर बसवतात, हेही विचारावे. आणि मुलीने हे क्षेत्र निवडले तर तिला घरातूनही बरेचसे काम करता येते, हे खरे असले तरी तेवढ्याच कारणाने तिला घरात बसवू नये. फाळके शिकले ते मुंबई, बडोदा, लोणावळा, जर्मनी आणि लंडन फिरून. शिकणाऱ्याला चार ठिकाणे पाहू द्यावीत.

पुढच्या वेळी कुटुंबासह लोणावळ्याला जाल, तेव्हा धबधबे आणि चिक्कीबरोबर मुलांना एवढे जरूर सांगा की, या डोंगरांच्या कुशीत एका माणसाने एकेक रंग, एकेक थर लावत धीराने काम करायला शिकून घेतले. आणि हेही सांगा की तो कर्जात बुडाला, आंधळा होता होता वाचला, तेव्हा त्याच्या घरात एक बाई होती, जी अंधारात बसून फिल्मला भोके पाडत होती.